झिंग्यांचं माहेर

लटारूभाऊ जाळ्यातला प्रत्येक झिंगा उलटा करून पाहायचा. बाकीचे ढिवर काठावर जाळं झटकत, मासे निवडत, झिंगे टोपल्यात लोटत आणि मोकळे होत. हा मात्र एकेक झिंगा चिमटीत धरून त्याचं पोट बघत बसायचा. पोटाखाली अंड्यांचा पुंजका दिसला, की दोन पावलं पाण्यात जाऊन ती मादी हलक्या हातानं सोडून द्यायचा. सोडताना म्हणायचा, "जाय बाई, दिवस भरले तुहे. माहेराले जाय." मोठ्या झिंग्याला बाजारात गिऱ्हाईक लगेच मिळे. त्यामुळे त्याच्या या सवयीवर घरचे चिडत आणि गाव हसे. मी त्याला पहिल्यांदा पाहिलं ते असंच, वैनगंगेच्या गुडघाभर पाण्यात वाकलेला आणि एका झिंग्याशी बोलणारा.

मी तेव्हा बावीस वर्षांचा होतो. चिमूरकडच्या एका शेतकऱ्याचा मॅट्रिक झालेला मुलगा. सावरघाटच्या एकशिक्षकी शाळेवर माझी पहिलीच नेमणूक झाली होती. आमचा चांदा जिल्हा त्या वेळी मध्य प्रदेशात होता. सावरघाट गडचिरोलीपासून पायी अर्ध्या दिवसावर. नदीकाठी ढिवरांची वस्ती, तिच्या वर धानाच्या बांध्या आणि त्यांच्यामागे जंगल. गावात माझ्याशी दोन वाक्यांच्या पुढे बोलणारा पहिला माणूस म्हणजे लटारूभाऊ. वयानं माझ्याहून दहा-बारा वर्षांनी मोठा. अंगानं काटकुळा, बोलायला हळू, आणि प्रश्न विचारायला अजिबात न लाजणारा.

झिंग्याचं माहेर कुठलं, असं मी एकदा त्याला गमतीनं विचारलं. तो गमतीत बोलतच नव्हता. त्यानं मला सगळं नीट सांगितलं. पावसाळ्यात अंड्यांवर आलेल्या माद्या नदीच्या उतारानं खाली जातात. दसऱ्यानंतर तांदळाच्या दाण्याएवढी पिल्लं काठाकाठानं माळेसारखी वर येतात. मधल्या काळात काय होतं, ते कुणालाच ठाऊक नाही. त्यानं अंडीवाली मादी मडक्यात नदीचं पाणी घालून ठेवून पाहिली होती. पिल्लं निघाली, पण पाचव्या दिवसापर्यंत सगळी मेली. दुसऱ्या वर्षीही मेली, तिसऱ्या वर्षीही.

"तवा मले समजलं गुरुजी," तो म्हणाला, "याइले आपलं पाणी चालत नाई. दुसरं कोणतं तरी पाणी पायजे. थे पाणी कुठी हाय, तेवढंच पाहाचं हाय."

मॅट्रिकला मी विज्ञान शिकलो होतो. पण तीन वर्षं एकच मडकं मांडून बसणारा माणूस मी पाहिला नव्हता.

शाळेच्या भिंतीवर भारताचा कापडी नकाशा होता. एका रविवारी लटारूभाऊ तो बघायला आला. चपला नव्हत्याच, तरी उंबऱ्यावर पाय पुसून आत शिरला. मी वैनगंगेवर बोट ठेवलं आणि ते खाली नेत गेलो. इथे वर्धा मिळते, मग तिला प्राणहिता म्हणतात. अहेरीजवळून ती सिरोंच्याला जाते, तिथे गोदावरी. पुढे तेलंगी मुलूख, राजमहेंद्री, आणि मग समुद्र. तो निळ्या रंगाकडे पाहत राहिला. हे सारं पाणीच का, असं त्यानं विचारलं. मी हो म्हणालो, आणि ते खारट असतं हेही सांगितलं.

त्यानं त्या निळ्या रंगावर बोट टेकवलं. मग म्हणाला, "खारं. मंग थेच."

त्यानंतर तो दर रविवारी यायचा. जाळं विणायचा दोरा नदीच्या वळणावळणानं नकाशावर लावून त्यानं अंतर मोजलं, आणि ते दोनशे कोसांच्या आसपास असल्याचं मी त्याला हिशेब करून सांगितलं. मला या खेळाची गोडी लागली होती. अहेरीच्या बाजाराला जाऊन त्यानं बांबूच्या तराफ्यांवर काम करणाऱ्या तेलंगी माणसांची गाठ घेतली. ठेकेदाराचा बांबू तराफे बांधून नदीतून थेट राजमहेंद्रीला जातो, असं तिथे कळलं. वाटेत डोंगरांच्या खिंडी आहेत, पाणी खडकांवर आपटतं, दर वर्षी एखाददुसरा माणूस जातो, हेही त्यांनी सांगितलं. लटारूभाऊनं मला त्यातलं पहिलं आधी सांगितलं आणि दुसरं कितीतरी दिवसांनी.

त्याच सुमारास एका दुपारी पार्बताबाई शाळेत आली. लटारूभाऊची बायको. डोक्यावर टोपली घेऊन पहाटे निघायची आणि आठवडी बाजारात मासे विकून दिवस मावळायच्या आत परतायची. गरज पडली तर नदीत स्वतः डोंगा हाकायची. त्यांची मुलगी कौशी माझ्याकडे तिसरीत होती, वर्गात सगळ्यांत हुशार. पार्बताबाई आत आली नाही. दारातूनच नकाशाकडे बोट करून म्हणाली, "गुरुजी, थो उतरवून ठेवा जी."

मी म्हटलं, बाई, तो सरकारी आहे, साहेब तपासणीला येतात तेव्हा भिंतीवर दिसावा लागतो.

"मंग तुमीच सांगा त्याइले. तुमचं आयकतेत थे."

सांगतो म्हणालो. सांगितलं नाही. खरं लिहायचं तर मला त्याला अडवायचं नव्हतं. माझ्यात घर सोडून असं कुठे जायची हिंमत नव्हती, आणि माझ्या वाटचं कुणीतरी जात आहे याचा मला आनंद होत होता.

तो समुद्रापर्यंत जाणार ही गोष्ट त्याच्या जातीत पसरली तेव्हा पंच बसले. त्याचा मोठा भाऊ डोमाभाऊ पंचांत होता. भावांचं जाळं, डोंगा, नदीतली मासेमारीची जागा, सगळं एकत्र होतं. एक माणूस कमी म्हणजे जाळं ओढायला दोन हात कमी. डोमाभाऊ वाईट माणूस नव्हता. त्यानं आधी समजावून पाहिलं. मासा देवानं धाडला, ढिवरानं जाळं टाकलं, तो कुठून आला हे विचारायचं काम आपलं नव्हे, असं त्याचं म्हणणं. लटारूभाऊनं सगळ्यांसमोर उत्तर दिलं, "आपलं नाई त कोणाचं हाय, दादा? जलमभर त्याच्याच जिवावर जगून राह्यलो."

पंचांनी ठरवलं, की परमुलखात कोणाच्याही हातचं खाल्लं तर तो जातीबाहेर. आणि पुढच्या पावसाळ्यापर्यंत परतला नाही, तर पार्बतीला पाट लावून दुसरं घर करायची मोकळीक. ती त्या वेळी बायकांमध्ये मागे बसली होती. तिला कुणी काही विचारलं नाही.

दिवाळी झाल्यावर तो निघाला. त्याचा स्वतःचा एक जुना डोंगा होता. त्यात तांदळाचं गाठोडं, एक मडकं आणि घोंगडी. काठावर मी होतो, पार्बताबाई होती, कौशी होती. भाऊ आला नाही. लटारूभाऊनं मुलीच्या डोक्यावर हात ठेवला आणि पाणी चढायच्या आत येतो म्हणाला. बायकोकडे त्यानं पाहिलं, पण बोलला काहीच नाही. डोंगा धारेला लागला तशी कौशी काठानं धावत सुटली आणि नाला आडवा आला तिथे थांबली. पार्बताबाई तिला आणायला गेली. दोघी परत माझ्याजवळून गेल्या, तेव्हा मी काहीतरी धीराचं बोललो. पार्बताबाई थांबली नाही.

दोन महिन्यांनी सिरोंच्याहून एक कार्ड आलं. कुणाकडून तरी मोडक्या मराठीत लिहून घेतलेलं. खुशाल आहे, तराफ्यावर काम मिळालं, पुढे जातो. मी ते पार्बताबाईला दोनदा वाचून दाखवलं. त्यानंतर काही आलं नाही. पाऊस आला, नदी चढली, उतरली, पिल्लांची माळ काठानं वर येऊन गेली. लटारूभाऊ आला नाही.

पंचांनी पहिल्या वर्षी पाटाचं विचारलं, पार्बताबाई नाही म्हणाली. दुसऱ्या वर्षी अहेरीकडून कुणीतरी बातमी आणली, की खिंडीत एक तराफा फुटला आणि त्यावरची माणसं गेली. ती तरीही नाही म्हणाली. पण मासेमारीच्या वाट्यातून तिचं नाव गेलं होतं. ती लोकांच्या बांध्यांवर धानाच्या रोवणीला जायची, आणि तिच्याबरोबर आता कौशीही. मी कौशीला शाळेत धाडा म्हणून सांगायला गेलो, तेव्हा पार्बताबाईनं मला बसायला पाट दिला, पाणी दिलं आणि म्हणाली, शाळेत शिकून काय होते थे पाह्यलं ना गुरुजी. त्यात राग नव्हता. ती खरोखरच मला सांगत होती.

तिसऱ्या उन्हाळ्यात चामोर्शीकडच्या एका विधुराशी तिचा पाट लागला. भला माणूस होता, त्याला दोन लहान मुलं होती. कौशी आईबरोबर गेली. जायच्या दिवशी तिनं आपली पाटी शाळेच्या ओट्यावर आणून ठेवली.

पुढच्या माघात एका दुपारी मी पाढे म्हणून घेत होतो. मुलं एकदम गप्प झाली म्हणून वर पाहिलं. दारात काठी टेकून लटारूभाऊ उभा होता. डावा पाय गुडघ्याखाली वाकडा जुळलेला. दाढी पांढरी. माझ्याकडे त्यानं अजून पाहिलंच नव्हतं. मुलांच्या रांगांवरून तो नजर फिरवत होता, एकदा, मग पुन्हा पहिल्या रांगेपासून. आणि मग विचारलं, "कौशी कोणत्या वर्गात हाय, गुरुजी?"

मुलांना सुटी देऊन मी त्याला सगळं सांगितलं. तो जमिनीवर बसून ऐकत होता. मध्ये एकदा फक्त विचारलं, तो माणूस दारू पितो का. मी नाही म्हणालो. बरं झालं, असं म्हणून तो नदीकडे पाहत बसला.

मग आठ-दहा दिवस शाळा सुटल्यावर तो यायचा आणि मला सांगायचा. दुसरं कुणी ऐकणारं नव्हतंच. खिंडीत तराफा फुटला होता. बांबूच्या मोळ्यांमध्ये त्याचा पाय चिरडला. तेलंगी कोळ्यांच्या एका म्हाताऱ्या बाईनं त्याला घरात ठेवून घेतलं. पहिला पावसाळा त्यानं खाटेवर काढला. चालता येऊ लागल्यावर तो परत फिरू शकला असता. तो खाली गेला. राजमहेंद्रीच्या खाली नदीवर दगडी बांध आहे, त्याच्या पुढे नदी फुटते आणि समुद्राला मिळते. तिथल्या मासेमारांबरोबर राबत त्यानं दुसरा आणि तिसरा पावसाळा काढला. आपल्याकडच्यासारख्या अंडीवाल्या माद्या तिथे येताना पाहिल्या. गोडं आणि खारं पाणी निमंनिम घालून मडकं मांडलं. पाचव्या दिवशी पिल्लं जिवंत होती. दहाव्या दिवशीही होती.

"अन् मंग बांधावर पाह्यलं," तो म्हणाला. "भिंतीवरून जिथी पाणी झिरपते ना, त्या ओल्या दगडावरून चढून राह्यले होते. तांदराएवढे. मोजता येत नाई इतके. खाली पडतेत, अन् पुन्हा चढतेत. हे आपल्या गावाले जाऊन राह्यले, असं मनात आलं. मी तिथंच बसलो अन् रडलो गुरुजी."

समुद्र कसा होता, असं मी विचारलं. मोठा हाय, म्हणाला. पण मी काही त्याच्यासाठी थोडीच गेलतो.

एक प्रश्न माझ्या मनात होता आणि तो विचारल्याशिवाय मला राहवलं नाही. तीन वर्षांत त्या एका कार्डानंतर दुसरं का नाही टाकलं? तो पायावरचा व्रण चोळत राहिला.

"काय लिवाचं होतं? येतो म्हणून लिवलं असतं त या लागलं असतं."

इतकं खरं उत्तर मला कुणी दिलेलं नाही. मी त्याच्यावर रागावलो, आणि तो राग त्याला बोलूनही दाखवला. तो ऐकून घेत राहिला.

चामोर्शीकडच्या त्या गावी तो एकदाच गेला. विहिरीवर कौशी भेटली, आता चांगली वाढलेली. तिनं ओळखलं, घागर कमरेवर घेतली आणि निघून गेली. हे त्यानं मला सांगितलं ते सहज सांगितल्यासारखं, जाळ्याच्या गाठी मारता मारता. पार्बताबाईला तो भेटला नाही. दुसऱ्याच्या घरी गेलेल्या बाईच्या दारात उभं राहू नये, एवढी रीत त्याला कळत होती. गावातही त्याला जागा नव्हती. जातीनं परत घेतलं नाही, भावांच्या जाळ्याला हात लावू दिला नाही. नदीकाठी खोपटं बांधून तो एकटा गळ टाकून बसायचा.

त्याचं हे सारं वाया जाऊ नये म्हणून मी एक वही घेतली. त्यानं सांगायचं आणि मी लिहायचं. झिंगा कुठल्या महिन्यात खाली जातो, पिल्लू कितव्या दिवशी कसं दिसतं, खारं पाणी किती लागतं. महिनाभर आम्ही लिहीत होतो. त्या महिन्यात लटारूभाऊ पुन्हा पूर्वीसारखा दिसू लागला. मी वहीची नक्कल केली आणि मत्स्यव्यवसायाचं काम पाहणाऱ्या एका मोठ्या कचेरीला पाठवून दिली. तो रोज डाकेची चौकशी करायचा.

पावसाळ्याच्या तोंडावर उत्तर आलं. इंग्रजीत, टंकलेखन केलेलं, अगदी सभ्य शब्दांत. आपली निरीक्षणं बरोबर आहेत. मात्र झिंग्यांचं हे स्थलांतर पूर्वीच अभ्यासलं गेलं असून त्याविषयी पुस्तकांतून माहिती उपलब्ध आहे. आपल्या आस्थेबद्दल आभार.

पत्र लपवावं असं माझ्या मनात आलं होतं. पण तो समोरच बसला होता, आणि माझा चेहरा त्याला वाचता येत होता. मी शब्द न शब्द मराठीत सांगितला. त्याचा चेहरा उजळला. "पुस्तकातबी तेच हाय?" तो म्हणाला. "म्हंजे मी पाह्यलं थे बरोबर हाय." त्यानं पत्र हातात घेतलं, त्यावरच्या अक्षरांवरून बोट फिरवलं आणि नीट घडी करून मला परत दिलं.  उठताना, काठी हातात घेता घेता, मला म्हणाला, "मंग तवाच एक कारड टाकून विचारलं असतं त कळलं असतं, नाई का गुरुजी?"

तो मला दोष देत नव्हता. त्याला खरोखर विचारायचं होतं. मी शिकलेला होतो. कार्ड कुठे टाकायचं ते मला ठाऊक होतं. तो नकाशावर दोरा लावत होता त्या साऱ्या रविवारी मला ते एकदाही सुचलं नव्हतं. मी हो म्हणालो. तो मान हलवून गेला.

त्यानंतर तो वहीविषयी कधी बोलला नाही. त्या पावसाळ्यात त्याचा पाय सुजला आणि ताप चढला. नदीला पूर होता. गडचिरोलीला न्यायला वाट मोकळी झाली तोवर उशीर झाला होता. शेवटचे तीन दिवस डोमाभाऊ त्याच्या खोपटात येऊन बसला. पंचांना त्यानं विचारलं नाही, आणि पंचांनीही त्याला काही म्हटलं नाही. खांदा भावानंच दिला. लटारूभाऊ पंचेचाळिशीचाही नव्हता.

पाचव्या दिवशी दुपारी पार्बताबाई शाळेत आली. बाजाराला म्हणून निघाली होती, हातात गाठोडं होतं. कपाळावर कुंकू, हातात बांगड्या. दुसऱ्याच्या नावाच्या त्या खुणा पुसायचा तिला हक्क नव्हता, आणि मोठ्यानं रडायचाही नव्हता. या वेळी ती आत आली आणि भिंतीला टेकून बसली. म्हणाली, "गुरुजी, थे काय पाहून आले, मले सांगा."

तिला ते कुणीच सांगितलं नव्हतं. मी सांगितलं. मडक्यातलं निमंनिम पाणी, दहाव्या दिवशीही जिवंत राहिलेली पिल्लं, बांधाच्या ओल्या भिंतीवर पडत पडत चढणारे ते इवले जीव. तिनं मध्ये दोन-तीन प्रश्न विचारले, आणि ते नेमके होते. मडकं सावलीत ठेवलं होतं का. पाणी रोज बदललं का. तेव्हा माझ्या लक्षात आलं, की घरी तीन वर्षं ती मडकी कोणी सांभाळली असतील. तो तर दिवसभर नदीवर असायचा.

माझं सांगून झालं. तिनं पदरानं तोंड पुसलं.

"मले त विचारलंच नाई त्याइनं," ती म्हणाली. "मी गेली असती गुरुजी. कौशीले घेऊन गेली असती. डोंगा मलेबी हाकता येत होता."

 तिला काय हवं आहे, हे लटारूभाऊनं विचारलं नाही, पंचांनी विचारलं नाही, आणि ती दारात येऊन उभी राहिली होती तेव्हा मीही विचारलं नव्हतं. तिला फक्त नवरा अडवायचा आहे, असं मी धरून चाललो होतो.

दूर जायचं होतं, घरी लहान मुलं होती. पार्बताबाई उठली, गाठोडं डोक्यावर घेतलं, मला "येतो जी" म्हणाली आणि बांध्यांच्या धुऱ्यावरून चालत गेली.